टर्बो इंजिन रिबिल्ड : जास्त बूस्टचे नियोजन कसे करतात आणि पैसे नेमके कुठे जातात?

जुन्या टर्बो कारचे इंजिन खोलून, आतले भाग बदलून, ते मूळपेक्षा दुप्पट ताकद देईल असे पुन्हा बांधणे याला हाय-बूस्ट रिबिल्ड म्हणतात. व्हिडिओत हे काम दहा मिनिटांत आटोपते. गॅरेजमध्ये मात्र त्याला कित्येक महिने लागतात. बरेच प्रकल्प अर्ध्यावर थांबतात आणि काही इंजिने पहिल्याच जोरदार धावेत निकामी होतात. यामागे बहुतेक वेळा भागांचा दर्जा नसतो. कारण हिशेबात सापडते: टर्बो आधी घेतला, मापे नंतर घेतली आणि ट्यूनिंगची वेळ आली तेव्हा पैसे संपलेले होते.

हा विषय समजून घेण्यासाठी या लेखात एक खरे इंजिन उदाहरण म्हणून घेतले आहे: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचे १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. २००४ मध्ये आरएस ही टर्बो पेट्रोल आवृत्ती भारतात आली. युरोपात ती १८० अश्वशक्तीची होती, भारतात १५० अश्वशक्तीची. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत हेच इंजिन वापरले गेल्यामुळे त्याच्या बलस्थानांची आणि मर्यादांची माहिती जगभर जमा झालेली आहे.

इंजिनाची मूळ ओळख

- क्षमता : १७८१ घनसेंमी, चार सिलिंडर
- बोअर : ८१ मिमी, स्ट्रोक : ८६.४ मिमी
- व्हॉल्व्ह : प्रत्येक सिलिंडरला ५ (इनटेक ३, एक्झॉस्ट २), एकूण २०
- ब्लॉक : ओतीव लोखंड, हेड : ॲल्युमिनियम
- कॉम्प्रेशन रेशो : सुमारे ९.५:१
- मूळ टॉर्क : २१० न्यूटन-मीटर, बूस्ट अर्ध्या बारच्या आसपास

लोखंडी ब्लॉक ही या इंजिनाची मोठी जमेची बाजू आहे. कमकुवत दुवा आहे कनेक्टिंग रॉड. मूळ रॉड बारीक आहेत. टॉर्क साधारण ३५० ते ४०० न्यूटन-मीटरच्या पुढे गेला की ते वाकण्याचा धोका वाढतो, असा जगभरच्या ट्यूनरांचा अनुभव आहे.

बूस्ट म्हणजे काय?

साधे इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर चालते. टर्बोचार्जर एक्झॉस्टच्या वायूने एक टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात ढकलतो. वातावरणाच्या दाबावर जो जादा दाब मिळतो तो बूस्ट. गेजवर १ बार दिसत असेल तर आत साधारण २ बार दाब असतो. म्हणजे जवळपास दुप्पट हवा, दुप्पट इंधन आणि त्या प्रमाणात जास्त ताकद.

अडचण येते उष्णतेची. हवा दाबली की ती तापते. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असेल आणि बूस्ट १.५ बार असेल, तर कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा सुमारे १५० अंशांच्या पुढे जाते. इंटरकूलरने ती ४५ ते ५० अंशांपर्यंत खाली आणावी लागते. तापलेली हवा विरळ असते आणि सिलिंडरमध्ये नॉकिंग सुरू करते.

गाव कोणते यानेही फरक पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा थोडा कमी असतो. तोच १.५ बार बूस्ट देण्यासाठी मुंबईत टर्बोला हवा साधारण २.५ पट दाबावी लागते, तर पुण्यात २.६ पट. टर्बो आधीच मर्यादेवर चालत असेल तर एवढा फरकही जाणवतो.

पहिली पायरी : लक्ष्य कागदावर लिहा

"जमेल तेवढी ताकद" हे लक्ष्य होऊ शकत नाही. नियोजनाआधी चार प्रश्नांची उत्तरे लागतात: किती अश्वशक्ती हवी? कोणत्या इंधनावर? गाडी रोज चालवायची की फक्त ट्रॅकवर? आणि एकूण किती पैसे खर्च करण्याची तयारी आहे?

एक कामचलाऊ सूत्र असे : मिनिटाला १ किलो हवा म्हणजे साधारण २२ अश्वशक्ती. उदाहरणातल्या इंजिनाचे लक्ष्य ३२० अश्वशक्ती धरले, तर मिनिटाला सुमारे १४.५ किलो हवा लागेल. १.८ लिटरच्या इंजिनाने ६५०० आरपीएमला एवढी हवा घ्यायची तर बूस्ट १.५ बारच्या आसपास ठेवावा लागतो. या एका आकड्यावरून टर्बोचे माप, इंजेक्टरचे माप, रॉडची ताकद, क्लच असे पुढचे सगळे ठरत जाते.

म्हणून लक्ष्य मध्येच बदलले की बजेट कोसळते. ३२० साठी घेतलेले इंजेक्टर ४०० ला पुरत नाहीत आणि ४०० साठीचा क्लच मूळ गिअरबॉक्सला वाचवू शकत नाही.

दुसरी पायरी : खोलण्याआधी तपासणी

इंजिन उतरवण्याआधीच्या तपासण्या स्वस्त असतात आणि त्यांतून पुढचा खर्च बराचसा कळतो.

- कॉम्प्रेशन टेस्ट : चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एकच आकडा फार खाली असेल तर तिथे रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटची गडबड आहे.
- लीक-डाउन टेस्ट : सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के निसटते ते पाहतात. १० टक्क्यांच्या आत असेल तर प्रकृती चांगली, २० च्या वर असेल तर दुरुस्ती अटळ. हवा कुठून निसटते हे कानाने कळते: ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.
- ऑइलचा दाब : इंजिन गरम असताना दर १००० आरपीएममागे सुमारे ०.७ बार हा जुना ठोकताळा आहे. दाब कमी असेल तर बेअरिंग झिजली आहेत किंवा पंपाची जाळी गाळाने बुजली आहे.

हे आकडे वहीत लिहून ठेवले की मशीन शॉपशी बोलताना "आवाज येतो" एवढेच सांगावे लागत नाही.

तिसरी पायरी : मापे आधी, खरेदी नंतर

इंजिन खोलल्यावर ब्लॉक, क्रँक आणि हेड धुऊन मोजले जातात. बोअर वरपासून खालपर्यंत सारखा आहे का, गोलाई गेली आहे का, डेक सपाट आहे का, क्रँकच्या जर्नलवर ओरखडे आहेत का, हे सगळे मायक्रोमीटर आणि बोअर गेजने पाहायचे असते, डोळ्याने नाही. क्रँकला भेग आहे का ते चुंबकीय कणांच्या तपासणीने कळते. ॲल्युमिनियमच्या हेडला चुंबक चालत नाही, त्याची प्रेशर टेस्ट करतात.

इथे सर्वात जास्त पैसे वाया घालवणारी चूक होते. पिस्टन आधी मागवले जातात, नंतर कळते की बोअर जास्त झिजला आहे आणि पुढचे माप लागेल. योग्य क्रम असा :

१. मोजणी करून बोअर किती वाढवावा लागेल ते ठरवणे. या इंजिनात ८१.५ मिमी केले तर क्षमता सुमारे १८०३ घनसेंमी होते. म्हणजे बोअर वाढवल्याने ताकद फारशी वाढत नाही, फक्त खराब पृष्ठभाग निघून जातो.
२. त्या मापाचे पिस्टन मागवणे.
३. पिस्टन हातात आल्यावर प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्यासाठी शेवटचे होनिंग करणे.

होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट लावणारे मशीन शॉप निवडावे. हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा आकार किंचित बदलतो. जाड प्लेट बोल्टने आवळून होनिंग केले की हेड बसल्यावर बोअर गोल राहतो. ही सोय नसलेल्या दुकानात काम स्वस्तात होते, पण जास्त बूस्टवर रिंग नीट टेकत नाहीत आणि इंजिन ऑइल खाऊ लागते.

आतले भाग : कशावर खर्च करायचा?

कनेक्टिंग रॉड. या इंजिनात पहिला खर्च इथेच. रॉड दोन प्रकारे मरतात. कमी आरपीएमला मोठा टॉर्क आला की ते दाबाखाली वाकतात. जास्त आरपीएमला पिस्टनच्या वजनाच्या झटक्याने त्यांच्यावर ताण येतो आणि बोल्ट तुटतो. हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: मर्यादा ६५०० वरून ७५०० केली तर आरपीएम १५ टक्के वाढतात, ताण मात्र ३३ टक्के. म्हणूनच "थोडेच आरपीएम वाढवू" हा सल्ला महागात पडतो. आणखी एक बारकावा : या इंजिनात पिस्टन पिन १९ आणि २० मिमी अशा दोन व्यासांची आढळते. रॉड आणि पिस्टन एकाच पिनचे आहेत याची खात्री मागणी नोंदवण्याआधीच करावी लागते.

पिस्टन. ओतीव पिस्टन नॉकिंगचा मार सहन करत नाही, रिंगमधली भिंत तुटते. फोर्ज्ड पिस्टन दोन मिश्रधातूंत मिळतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन जास्त, त्यामुळे तो कमी फुगतो, थंड इंजिनात आवाज कमी करतो आणि रोजच्या गाडीला बरा. २६१८ जास्त चिवट, पण जास्त फुगतो, म्हणून त्याला भिंतीपासून जास्त मोकळीक द्यावी लागते आणि सकाळी इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ टकटक ऐकू येते.

कॉम्प्रेशन रेशो. जास्त बूस्टसाठी तो थोडा कमी करतात. मूळ ९.५:१ मध्ये पिस्टन सर्वात वर असताना उरलेली जागा सुमारे ५२ घनसेंमी असते. ८१.५ मिमी बोअरवर ९:१ हवा असेल तर ती सुमारे ५६ घनसेंमी करावी लागते. ही ४ घनसेंमी पिस्टनच्या वरच्या खोलगटपणातून मिळवतात. जाड गॅस्केट लावून ती मिळवणे हा स्वस्त पण चुकीचा मार्ग आहे, त्याने पिस्टन आणि हेडमधले अंतर वाढून नॉकिंगला उलट मदत होते.

रिंगची फट. रिंगच्या दोन टोकांमधली फट टर्बो इंजिनात मुद्दाम जास्त ठेवतात. बोअरच्या दर मिलिमीटरमागे साधारण ०.००५५ ते ०.००६ मिमी, म्हणजे ८१.५ मिमीला सुमारे ०.४५ ते ०.४९ मिमी. पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावर दिलेला आकडा अंतिम. फट कमी पडली की तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात, रिंग अडकते आणि पिस्टनची भिंत तुटते. अर्ध्या तासाची घासणी वाचवण्यासाठी पूर्ण इंजिन गमावण्याचा हा हमखास रस्ता आहे.

बेअरिंग. बेअरिंग आणि क्रँकमधली मोकळीक जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. या इंजिनातल्या सुमारे ४८ मिमीच्या रॉड जर्नलला म्हणजे ०.०५ मिमी. माणसाच्या केसापेक्षा बारीक अशा ऑइलच्या थरावर सगळा भार असतो, म्हणून बांधणीच्या खोलीत धूळ चालत नाही.

हेड. मूळ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले आहेत, उष्णता चांगली वाहून नेतात, त्यामुळे ३२० अश्वशक्तीच्या लक्ष्याला ते बदलण्याची सक्ती नसते. व्हॉल्व्ह सील, गाइड आणि सीट यांचे काम मात्र करावेच लागते. मूळ हेड बोल्ट एकदाच ताणायचे असतात, ते पुन्हा वापरत नाहीत. जास्त बूस्टला मजबूत स्टड आणि स्टीलच्या अनेक थरांचे गॅस्केट लावतात. त्यासाठी डेक आणि हेडचा पृष्ठभाग गुळगुळीत व सपाट करून घ्यावा लागतो.

इंधन : इथे कंजूषी नको

३२० अश्वशक्तीला, दर अश्वशक्तीमागे तासाला २५० ग्रॅम पेट्रोल धरले, तर तासाला ८० किलो पेट्रोल लागते. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकाला मिनिटाला सुमारे ४५० घनसेंमी. इंजेक्टर सतत पूर्ण उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांवर थांबायचे म्हटले तर ५६० घनसेंमीचा लागतो.

आता भारतातली खरी गोष्ट : पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, तर ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास ९ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. जुन्या पेट्रोलवर केलेले ट्यूनिंग ई-२० वर तसेच ठेवले तर पूर्ण बूस्टला मिश्रण पातळ होते आणि पातळ मिश्रण पिस्टन जाळते. त्यामुळे ५६० चे गणित ६१० वर जाते आणि ६३० घनसेंमीचा इंजेक्टर घेणे शहाणपणाचे ठरते.

इथेनॉलची जमेची बाजूही आहे: ते बाष्पीभवन होताना हवा थंड करते आणि नॉकिंगला विरोध करते. पण २००४ ची गाडी ई-२० साठी बनलेली नाही. रबरी पाइप, सील आणि टाकीतला पंप इथेनॉलला टिकणारे आहेत का ते पाहून बदलावे लागतात. मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर ९९ आणि १०० ऑक्टेनचे पेट्रोलही मिळते. गाडी त्यावर ट्यून केली तर मात्र साध्या पेट्रोलसाठी कमी बूस्टचा वेगळा मॅप हवाच. गावाकडे जाताना रस्त्यात १०० ऑक्टेन मिळेलच असे नाही.

टर्बो, मॅनिफोल्ड आणि इंटरकूलर

टर्बो निवडताना कॉम्प्रेसर मॅप पाहतात. त्या आलेखावर किती हवा किती दाबाने मिळते आणि तेव्हा कार्यक्षमता किती आहे हे दिसते. मिनिटाला १४.५ किलो हवा आणि २.५ पट दाब हा बिंदू आलेखाच्या मधल्या भागात पडायला हवा. फार मोठा टर्बो घेतला तर ४००० आरपीएमपर्यंत गाडी झोपलेली राहते. फार लहान घेतला तर तो मर्यादेपलीकडे फिरून हवा नुसती तापवतो.

मोठ्या टर्बोबरोबर न दिसणारा खर्च येतो: मॅनिफोल्ड, वेस्टगेट, डाउनपाइप, ऑइल आणि पाण्याच्या नळ्या, उष्णतारोधक आवरण, इंटरकूलर आणि त्याचे पाइप, क्लॅम्प, सेन्सर. टर्बोच्या किमतीइतकीच रक्कम या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंना लागते, हे आधीच धरून चालावे.

ईसीयू आणि ट्यूनिंग

इंजिन कितीही चांगले बांधले तरी ते टिकेल की फुटेल हे शेवटी ट्यूनिंग ठरवते. नॉकिंग म्हणजे ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता उरलेले मिश्रण आपोआप भडकणे. त्याने सिलिंडरमध्ये हातोड्यासारखे दाबाचे ठोके बसतात. ते टाळण्यासाठी ट्यूनर पूर्ण बूस्टला मिश्रण दाट ठेवतो (लॅम्बडा ०.७८ ते ०.८२ च्या आसपास), ठिणगीची वेळ मागे घेतो आणि बूस्ट पायरीपायरीने वाढवतो. त्यासाठी वाइडबँड लॅम्बडा सेन्सर, नॉक सेन्सर, हवेचे तापमान आणि इंधनाचा दाब या चारही नोंदी समोर हव्यात.

डायनोवरचा वेळ तासावर मोजला जातो. वायरिंग अर्धवट किंवा पाइप गळका असताना गाडी डायनोवर नेली तर मीटर चालू राहतो आणि काम होत नाही.

बजेट : दहा लाखांचे उदाहरण

खालचा तक्ता दरपत्रक नाही. मालकाने एकूण १० लाख रुपये ठरवले आहेत असे मानले, तर पैशांची वाटणी कोणत्या प्रमाणात करता येईल हे त्यातून दिसते.

- राखीव निधी : २,००,०००
- पिस्टन, रिंग, रॉड, बेअरिंग, स्टड : १,६०,०००
- मशीन शॉप, मोजणी, बॅलन्सिंग : ८०,०००
- हेडचे काम, गॅस्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल पंप : ८०,०००
- टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर, एक्झॉस्ट : २,००,०००
- इंजेक्टर, पंप, इंधनाच्या नळ्या : ७०,०००
- ईसीयू, वायरिंग, सेन्सर, डायनो ट्यूनिंग : १,१०,०००
- क्लच, ब्रेक, टायर : १,००,०००

राखीव निधी सर्वात वर लिहिला आहे तो मुद्दाम. तो "उरले तर ठेवू" असा नसतो, सुरुवातीलाच बाजूला काढायचा असतो. क्रँक ग्राइंडिंग लागले, हेडला भेग निघाली, एखादा सेन्सर गेला, तर पैसे इथून येतात. हा निधी नसेल तर कपात नेमकी ट्यूनिंगमध्ये होते आणि तीच सर्वात घातक ठरते.

परदेशातून भाग मागवताना किंमत वेबसाइटवर दिसते तेवढी नसते. वाहतूक, सीमाशुल्क, त्यावरचा अधिभार आणि आयजीएसटी एकावर एक चढतात. त्यामुळे वस्तू आणि वर्गवारीनुसार किमतीत साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी भर पडू शकते. सगळे भाग एकदम न मागवता गटांत मागवावेत, पण एकाच गटातले (उदा. पिस्टन, पिन, रॉड) एकदमच. माप चुकले तर परत पाठवण्याचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो.

पैसे कमी पडत असतील तर लक्ष्य खाली आणणे हा प्रामाणिक मार्ग. २५० अश्वशक्तीचे नीट बांधलेले इंजिन कित्येक वर्षे चालते. ३२० चे अर्धवट बांधलेले इंजिन कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो.

वेळेचे नियोजन

मोजणी आणि निर्णयाला दोन-तीन आठवडे, भाग यायला एक ते दोन महिने, मशीन शॉपला तीन-चार आठवडे, बांधणी आणि फिटिंगला तीन-चार आठवडे, पुढे रनिंग-इन आणि ट्यूनिंग. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी चार ते सहा महिने. रोज कामावर नेणारी एकच गाडी असेल तर हा प्रकल्प सुरू करण्याआधी पर्यायी वाहनाचा विचार आधी करावा. घरात ज्या प्रकल्पांवरून वाद होतात, त्यांत "दोन आठवड्यांत होईल" हे वाक्य हमखास बोललेले असते.

खोलताना प्रत्येक बोल्ट लेबल लावलेल्या पिशवीत, प्रत्येक जोडणीचा मोबाइलवर फोटो आणि प्रत्येक मापाची वहीत नोंद ठेवावी. सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही.

पहिला स्टार्ट आणि रनिंग-इन

- प्लग काढून, इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवावे आणि गेजवर ऑइलचा दाब आला की मगच सुरू करावे.
- पहिल्या वेळी सिंथेटिक ऑइल न घालता रनिंग-इनचे मिनरल ऑइल वापरतात, रिंग लवकर बसतात.
- नुसते आयडलवर तासभर ठेवू नये. कमी बूस्टवर, भार कमी-जास्त करत गाडी चालवली की रिंग बोअरशी जुळतात.
- पहिले ऑइल ५० किलोमीटरच्या आत, दुसरे ५०० च्या आसपास बदलावे. जुना फिल्टर कापून कागद पसरून पाहावा. बारीक राखाडी चमक चालते, तांबूस किंवा चांदीसारखे तुकडे दिसले तर थांबावे, ती बेअरिंगची सूचना आहे.
- पूर्ण बूस्ट यानंतरच आणि तोही डायनोवर.

कायदा काय सांगतो?

हा भाग व्हिडिओत सहसा नसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका मांडली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मूळ मापाचे भाग घालून केलेली दुरुस्ती वेगळी, आणि मोठा टर्बो लावून, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून केलेला बदल वेगळा. दुसऱ्या प्रकारात प्रदूषण तपासणीत गाडी अडकू शकते आणि बदल न कळवल्याच्या कारणाने अपघातानंतरचा विमा दावा नाकारला जाऊ शकतो. दुखापत तिसऱ्याच माणसाला झाली असेल तर हे प्रकरण इंजिनापेक्षा कितीतरी महाग पडते. शिवाय २००४ ची गाडी १५ वर्षे ओलांडून गेली आहे, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओच्या तपासणीला न्यावीच लागते.

म्हणून अशी गाडी ट्रॅकसाठी बांधणे आणि ट्रेलरवरून तिथे नेणे हा सरळ मार्ग आहे. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक हे देशातले जुने ट्रॅक. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग शर्यत भरवली गेली आहे. तिथे वेळ मोजली जाते, रुग्णवाहिका उभी असते आणि समोरून दुचाकी येत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फक्त ईसीयू रिमॅप करून भागणार नाही का?
थोड्या वाढीसाठी भागते. इंजिन निरोगी असेल तर मूळ टर्बोवर माफक वाढ आतले भाग न बदलता मिळते. टॉर्क रॉडच्या मर्यादेजवळ गेला की थांबायचे.

रॉड बदलले, पिस्टन मूळचेच ठेवले तर?
काही जण असे करतात आणि ट्यूनिंग सावध असेल तर ते चालते. पण इंजिन खोललेच आहे आणि बोअर वाढवावा लागणार आहे, तर नवे पिस्टन तसेही घ्यावेच लागतात.

गिअरबॉक्सचे काय?
३२० अश्वशक्तीच्या बांधणीत टॉर्क ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास जाऊ शकतो, मूळच्या जवळपास दुप्पट. मूळ क्लच घसरेल. खालच्या गिअरमध्ये बूस्ट कमी ठेवण्याची सोय ईसीयूत असते, ती वापरली तर गिअरबॉक्स आणि पुढचे टायर दोन्ही वाचतात.

मेकॅनिक कसा निवडावा?
मोजमापाची वही दाखवणारा, लेखी अंदाजपत्रक देणारा, जुने भाग परत देणारा आणि "एवढ्या पैशांत हे होणार नाही" असे तोंडावर सांगणारा.